आई तुरुंगात गेली, मुलांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या बाईला अटक झाली की घरचे पहिले काही दिवस वकील शोधण्यात आणि जामिनामागे धावण्यात घालवतात. मुलांचे प्रश्न नंतर वर येतात, आणि ते विचारायचे कुणाला हे कळत नाही. हे प्रश्न विचारतात त्या बहुतेक आज्या आणि मावश्या, कधी वर्गशिक्षिका, क्वचित एखादे वडील. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कायद्याचा भाग बहुतांशी देशभर सारखाच आहे.

अटक होत असताना घरात लहान मुलं असतील, तर त्या वेळी काय करायचं?

मुलांबद्दल बोलायचं, मोठ्यानं आणि पुन्हा पुन्हा. पोलिसांना सांगा, आणि चोवीस तासांच्या आत ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतील त्यांनाही सांगा: मला इतकी मुलं आहेत, धाकटं अंगावर पितं, थोरली शेजाऱ्यांकडे आहे. हे नोंदवून घ्या, असंही म्हणा. कोर्टात हा विषय आपणहून कुणी काढेल याच्या भरवशावर राहू नका. पोलीस गुन्ह्याचं विचारतात, वकील कलमांचं. कुलूप लावलेल्या खोलीपुढे शाळेतून येऊन बसलेल्या मुलाचं विचारणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

बाप तुरुंगात गेला की आई मोलमजुरी करून का होईना, घर उभं ठेवते. आई गेली की बहुतेक वेळा घरच मोडतं. एक मूल आजोळी, दुसरं काकांकडे, तिसरं संस्थेत, अशी भावंडांची फाटाफूट पहिल्याच आठवड्यात होते, आणि ती नंतर जोडणं फार अवघड जातं.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली, तर महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. मुलांना सांभाळायला खरोखरच कुणी नसेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. हे काम शेजारीही करू शकतात.

मूल आईबरोबर तुरुंगात किती वर्षांपर्यंत राहू शकतं?

सहा वर्षांचं होईपर्यंत. मुलगा असो वा मुलगी. या विषयातला पायाभूत निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १३ एप्रिल २००६ चा, ‘आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’. आईसोबत आत असलेलं मूल हे कैदी नाही, त्याला कच्च्या (खटला चालू असलेल्या) किंवा पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यासारखं वागवायचं नाही, आणि अन्न, निवारा, औषधपाणी, कपडे, शिक्षण, खेळ हे सगळं त्याला हक्क म्हणून मिळालं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशात १,५३७ स्त्रियांसोबत १,७६४ मुलं तुरुंगात होती. त्यांतल्या १,३१२ स्त्रिया कच्च्या कैदी होत्या, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता. ही झाली आतली मुलं. त्याच वेळी तुरुंगांतल्या एकूण स्त्रिया २३,७७२ होत्या. त्यांतल्या बाकीच्यांची बाहेर राहिलेली मुलं किती, हा आकडा या अहवालात येतच नाही.

आत मुलाचे दिवस कसे जातात?

संध्याकाळी बराकीला कुलूप लागतं, तेव्हा मूलही आत असतं. सकाळी गिनती होते तेव्हा ते आईच्या कडेवर असतं. बराकीत गर्दी असेल तर झोपायची जागा आईच्या अंथरुणाएवढीच. मायाही मिळते, हे मात्र सांगायला हवं. स्वतःची मुलं बाहेर टाकून आलेल्या बायका दुसरीच्या लेकराला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. भांडणंही त्याच्यासमोरच होतात, शिव्याही तिथेच कानावर पडतात.

उपाध्याय निकालात या मुलांचं जे वर्णन आहे ते वाचून अस्वस्थ व्हायला होतं. पुरुष म्हणून त्यांना माहीत असतात ते फक्त पोलीस आणि तुरुंगाचे कर्मचारी. घर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. रस्त्यावरच्या जनावरांची भीती वाटते. नुसत्या बायकांतच वाढल्यामुळे काही मुलगे ‘मी जाते, मी जेवते’ असं बोलू लागतात.

म्हणून निकालानं नुसतं ‘मुलांची काळजी घ्या’ असं म्हणून सोडलेलं नाही. मुलाचा आहार वेगळा हवा, महिला डॉक्टरनं नियमित तपासावं, पाळणाघर आणि बालवाडी हवी, तीही शक्यतो तुरुंगाच्या भिंतीबाहेर. या किमान सोयी नसलेल्या दुय्यम कारागृहात लेकुरवाळीला ठेवूच नये. येरवड्याच्या आणि भायखळ्याच्या महिला कारागृहांकडे थोडंफार लक्ष जातं, तिथे सामाजिक संस्थांचीही ये-जा असते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात काम करतो आहे. जिल्ह्याच्या तुरुंगात एखादीच लेकुरवाळी असते तेव्हा एकट्या मुलासाठी बालवाडी कोण चालवणार? अशा वेळी मुलाला रोज जवळच्या अंगणवाडीत पाठवा असा लेखी अर्ज आईनं अधीक्षकांकडे करावा. लसीकरणाचं कार्ड घरच्यांनी पहिल्याच भेटीत आत पोहोचवावं. ते घरी डब्यात राहतं आणि डोस चुकतात.

मग मूल आत ठेवावं की बाहेर?

निर्णय आईचा आहे. नातेवाइकांनी दबाव आणू नये, ‘नेऊन टाक तुझ्याजवळ’ असाही नाही आणि ‘लेकराला जेलात ठेवतेस?’ असाही नाही. माझं मत विचाराल तर अंगावर पिणारं, वर्ष-दीड वर्षाचं मूल आईपासून तोडू नये. त्याला भिंत कळत नाही, आई कळते. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र भिंत कळायला लागते. बाहेर मायेनं सांभाळणारं एक ठरलेलं माणूस असेल तर त्या वयात बाहेर राहणं बरं. इथे महत्त्व ‘एक’ आणि ‘ठरलेलं’ या दोन गोष्टींना आहे. दर दोन महिन्यांनी घर बदलणाऱ्या मुलापेक्षा बराकीत आईच्या कुशीत झोपणारं मूल अधिक सुखी असू शकतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या मुलांमध्ये वावरणाऱ्यांना नवं नाही.

ती गरोदर आहे. बाळंतपण तुरुंगात होईल का?

होऊ नये. शक्यतो तात्पुरती सुटका किंवा पॅरोल देऊन बाळंतपण बाहेर होऊ द्यावं, असं २००६ चा निकाल म्हणतो. सुरक्षेचा गंभीर धोका असेल तरच अपवाद. त्यामुळे दिवस भरत येईपर्यंत थांबू नका. वैद्यकीय कागद जोडून तात्पुरत्या जामिनाचा अर्ज वेळेत करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका गर्भवती आरोपीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगाच्या वातावरणातल्या बाळंतपणाचा आईबरोबर बाळावरही परिणाम होतो, हे न्यायालयानं विचारात घेतलं. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली जामीन मिळणं किती कठीण असतं हे वकिलांना विचारा, म्हणजे या आदेशाचं वजन कळेल.

जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येतं का?

नाही. आलं असेल तर दुरुस्त करून घ्या. जन्मस्थान म्हणून फक्त त्या भागाचं नाव लिहायचं, असा आदेश आहे. बारसंही करता येतं. निकालात नामकरणाच्या विधीसाठी शक्य तेवढी सोय द्यावी असं म्हटलं आहे.

सहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला ओढून नेतात का?

ओढून नेत नाहीत, पण तयारी केली नसेल तर मुलाला ते तसंच वाटतं. आई सांगेल त्या योग्य नातेवाइकाकडे मूल सोपवायचं, आणि तसं कुणी नसेल तर बालगृहात ठेवायचं. हे काम जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीमार्फत होतं, म्हणजे काळजीची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीमार्फत. मूल शक्यतो तुरुंग ज्या गावात आहे त्याच गावात ठेवावं, आणि आठवड्यातून निदान एकदा त्याची आईशी भेट व्हावी, असा निकालाचा आदेश आहे. मुलाला भेटीला आणण्याची व्यवस्था प्रशासनानं करायची आहे. संस्था ‘गाडी नाही, माणूस नाही’ म्हणत असेल, तर आईनं समितीला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लेखी कळवावं.

मुलाला आधी काही वेळा त्या घरी किंवा संस्थेत नेऊन आणावं, सांभाळणाऱ्या माणसाला आत भेटीला बोलवावं, मूल पाच वर्षांचं झालं की हे सुरू करावं. शेवटच्या दिवशी पिशवी भरून हात सोडवून घेणं ही सगळ्यात वाईट पद्धत.

दोन भीती नेहमी बोलून दाखवल्या जातात. एक ‘रिमांड होम’ची. लोक सगळ्याच संस्थांना हे नाव देतात. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं आणि काळजीची गरज असलेल्यांसाठी बालगृह. तुमचं मूल दुसऱ्या ठिकाणी जातं, त्यानं काही केलेलं नसतं. दुसरी भीती दत्तकाची. आई जिवंत आहे, मूल मागते आहे, तिनं समितीपुढे मुलाचा त्याग लिहून दिलेला नाही, तर ती तुरुंगात आहे एवढ्यावरून मूल ‘अनाथ’ किंवा ‘सोडून दिलेलं’ ठरत नाही. तिनं स्वतः त्याग लिहून दिला तरी फेरविचाराला दोन महिने असतात. तरीही आईनं समितीशी पत्रव्यवहार ठेवावा आणि त्याच्या प्रती जपाव्यात. कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नये.

मुलं आजीकडे आहेत. तिचं वय झालंय, पैसे नाहीत. सरकारी मदत मिळते का?

मिळते. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना पाहा. अनाथ आणि एकपालक मुलांबरोबर तुरुंगात असलेल्या पालकांची मुलंही तिच्यात बसतात, आणि दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. तिथे उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. आईच्या अटकेचा किंवा न्यायालयीन कोठडीचा कागद, मुलांचे दाखले, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक आणि रहिवासाचा पुरावा घेऊन जा. ‘कच्च्या कैद्याच्या मुलाला मिळत नाही’ असं खिडकीवर कुणी म्हणालं तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा सूर बदलतो.

१ मे २०२२ पासून येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू झाली. तुरुंगात मिळणाऱ्या मजुरीच्या आधारावर शिक्षा झालेल्या कैद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज. मुलांची फी, घरचं आजारपण यासाठी त्याचा उपयोग होतो. कच्च्या कैद्यांना त्याचा लाभ नाही, आणि लेकुरवाळ्यांत बहुतेक जणी कच्च्याच असतात.

मुलाला काय सांगायचं? आम्ही ‘आई गावाला गेली’ असं सांगितलंय.

सगळेच असंच सांगतात. कुणाची आई गावाला असते, कुणाची दवाखान्यात, कुणाची दुबईला कामाला. हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. अडचण अशी की गावाला गेलेली माणसं फोन करतात, दिवाळीला परत येतात. आई येत नाही तेव्हा मूल स्वतःच कारण शोधतं, आणि लहान मुलांना सापडणारं कारण ठरलेलं असतं: मी त्रास दिला म्हणून ती गेली. वस्तीत खरं सगळ्यांना माहीत असतंच. एक दिवस खेळताना भांडण होतं आणि ‘तुझी आई जेलात आहे’ हे त्याला दुसऱ्या मुलाच्या तोंडून कळतं. त्यानंतर ते तुमच्यावर कशाच्याच बाबतीत विश्वास ठेवत नाही.

म्हणून खरं सांगा, पण वयाच्या मापानं. चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरेल एवढंच: ‘आई एका ठिकाणी आहे. तिथून तिला आत्ता घरी येता येत नाही. तिथे तिला जेवण मिळतं, झोपायला जागा आहे. तुझ्यामुळे गेलेली नाही. आपण तिला भेटायला जाणार आहोत.’ आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे तुरुंग हा शब्द वापरा, पोलीस आणि कोर्ट म्हणजे काय ते सांगा. वयात आलेल्या मुलीला बहुधा तुमच्याइतकंच माहीत असतं. तिला माहिती नको असते, कुणाशी तरी बोलायचं असतं. आणि बहुतेक घरांत आईचं काम तिच्याच अंगावर पडलेलं असतं. धाकट्यांना सांभाळायला तिची शाळा सुटली आहे का, हे आधी पाहा.

‘ती वाईट चालीचीच होती’ असं मुलांसमोर बोलू नका. पुढच्या महिन्यात सुटेल असंही ठामपणे सांगू नका. तारखा पडत राहतात, आणि मुलं दिवस मोजत असतात.

भेटीला न्यावं का? मूल रडतं, नंतर चार दिवस आजारी पडतं.

न्यावं. रडणं हे भेट वाईट झाल्याचं लक्षण नाही. न रडणारं, आईकडे न पाहणारं मूल जास्त काळजीचं. भेटीचे (तुरुंगाच्या भाषेत ‘मुलाखतीचे’) वार आणि वेळ कारागृहानुसार बदलतात, म्हणून आधी चौकशी करून, ओळखपत्र घेऊन, खाऊनपिऊन निघा. गेटवर रांगेत बराच वेळ जातो आणि प्रत्यक्ष बोलणं काही मिनिटांचं असतं. मधे जाळी किंवा काच असेल हे मुलाला घरीच सांगून ठेवा. पहिल्या भेटीत ‘आई मला उचलून का घेत नाही’ हाच प्रश्न असतो.

महाराष्ट्रातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ हा कार्यक्रम होतो. त्या दिवशी जाळीविना मुलांना आईबापांजवळ बसता येतं, आईला मुलाच्या केसांतून हात फिरवता येतो. या तारखेची चौकशी अधीक्षक कार्यालयात करत राहा. गाव लांब असेल तर ई-मुलाकातीतून व्हिडिओवर भेटता येतं. आणि पत्रं! आज कुणी लिहीत नाही, पण मुलानं काढलेलं चित्र आईजवळ राहतं आणि आईचं पत्र मुलाला हवं तेव्हा पुन्हा उघडता येतं.

कोर्टाच्या तारखेला व्हॅनपाशी भेट उरकू नका. मोफत पडते हे खरं, पण धक्काबुक्कीत, पोलिसांच्या आवाजात आईला पाहणं मुलाच्या डोक्यात राहून जातं.

शाळेला कळवावं का?

एका विश्वासातल्या शिक्षकाला कळवावं, सगळ्या स्टाफरूमला नाही. शिक्षकांसाठी एवढंच: ‘उद्या आईला घेऊन ये’ आणि ‘माझी आई’ या विषयावरचा निबंध, ही दोन्ही जरा सांभाळून. मूल अचानक गप्प झालं, वर्गात झोपू लागलं किंवा मारामारी करू लागलं, तर शिक्षेआधी चौकशी. कागदपत्रांअभावी प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या मुलांना लागू आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा छापणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमीचं कात्रण फिरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

नवऱ्याच्या खुनाचा आरोप आहे. सासरचे मुलांना देत नाहीत आणि जमीनही त्यांच्याच ताब्यात आहे.

हे नेहमीचं आणि सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण. मुलांचा बाप गेलेला असतो, आई आत असते, आणि ज्यांच्या घरात ती राहतात तेच फिर्यादी असतात. मुलांचा ताबा कुणाकडे, हे ठरवताना कोर्ट नातेवाइकांचे हक्क नाही, मुलांचं हित पाहतं. आजोळच्यांना बाल कल्याण समितीकडे जाता येतं किंवा पालकत्वासाठी कोर्टात अर्ज करता येतो.

जमिनीचं स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार खून करणाऱ्याला मृताचा वारसा मिळत नाही, पण त्यामुळे मुलांचा हक्क जात नाही. ती बापाची थेट वारस आहेत. वारस नोंदीचा अर्ज करून सातबाऱ्यावर मुलांची नावं लावून घ्या. अज्ञान मुलाचा हिस्सा नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, काकाला तर नाहीच. ही नोंद राहून गेली की मुलं मोठी होईपर्यंत फेरफार झालेले असतात, आणि मग पंधरा वर्षं दिवाणी दावा.

मूल घटनेचं साक्षीदार असेल तर दोन्ही बाजूंनी त्याला पढवणं थांबवा.

लहान मुलं आहेत म्हणून जामीन मिळतो का?

आपोआप नाही. पण स्त्री असणं हा जामिनासाठी विचारात घेण्याचा मुद्दा कायद्यातच आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३७ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८०. पहिलाच गुन्हा असेल आणि फाशी-जन्मठेपेचं कलम नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर याच नव्या संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेचा अर्ज करता येतो. मूल आत असेल तर खटला प्राधान्यानं चालवावा, असा उपाध्याय निकालाचा आदेश आहे. वकिलाला तो अर्जात लिहायला सांगा. शिक्षा ठोठावताना सौम्य गुन्ह्यात परिवीक्षा कायदा, १९५८ खाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडता येतं. संयुक्त राष्ट्रांचे २०१० चे बँकॉक नियमही लहान मुलं असलेल्या स्त्रीला शक्यतो तुरुंगाबाहेरची शिक्षा द्यावी असं सांगतात.

जामीन झाला पण जामीनदार नाही म्हणून आत अडकलेल्या बायका पुष्कळ. त्यांच्यासाठी जातमुचलक्याचा, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटकेचा, अर्ज करा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे. तिच्यातून जामिनासाठी आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते; २०२३ च्या मूळ नियमांत ही मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती. वकील मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा.

शेजारणीचं मूल आम्ही सांभाळतोय. चालतं का?

काही दिवस, जरूर. लांबणार असेल तर बाल कल्याण समितीला कळवा आणि आईचं संमतीपत्र अधीक्षकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. दवाखाना आणि शाळा, दोन्हीकडे ते लागतं.

ती सुटून आली, पण मूल तिच्याजवळ जात नाही. मावशीलाच आई म्हणतं.

म्हणू द्या. ‘ही तुझी खरी आई’ म्हणून मांडीवर ढकलू नका, आणि मावशीचं घरी येणंही एकदम बंद करू नका. सुरुवातीला आईनं त्याच घरात, शक्य असेल तर मावशीसोबतच राहावं. जेवण भरवणं, शाळेत सोडणं ही कामं एकेक करून आपल्याकडे घ्यावीत. मूल चाचपणी करतं, मुद्दाम हट्ट करतं, रात्री उठून आई आहे ना ते पाहतं. हे काही महिने चालतं. आईचीही अडचण असते. आत सगळं घंटेवर चालायचं. बाहेर आल्यावर भाडं, काम, लोकांच्या नजरा आणि कोर्टाच्या उरलेल्या तारखा एकदमच समोर येतात. मूल बालगृहात असेल तर परत घेण्यासाठी समितीचा आदेश लागतो, म्हणून सुटण्याच्या आधीच आतून अर्ज करून ठेवा. शाळेचं वर्ष मधे असेल तर परीक्षा होईपर्यंत शाळा बदलू नका. बालसंगोपनाचे पैसे मिळत असतील तर आई परतल्याचं कार्यालयाला स्वतःहून कळवा. तिला अजून काम मिळालेलं नसेल तर तेही त्याच अर्जात लिहा.